लक्ष नसतानाचा फोटो

९ जानेवारी

फोटोचा कागद पुरवणाऱ्या कंपनीने दरवर्षीप्रमाणे डायरी पाठवली. पाकिटावर ह्यांचं नाव आहे. कंपनीला कोणी कळवलेलं नसावं, आणि मीही कळवलं नाही. हे ह्या डायरीत गिऱ्हाइकांच्या वेळा लिहीत असत. आता गिऱ्हाइकं नाहीत आणि वेळाही नाहीत. पण चांगली डायरी कोरी टाकून देणं बरं वाटेना, म्हणून मी लिहिते आहे. मला लिहायची सवय नाही. आयुष्यभर रीटचिंगची पेन्सिल घेऊन निगेटिव्हवर लोकांच्या सुरकुत्या बुजवल्या, तेवढंच.

स्टुडिओ खाली, घर वर. डिसेंबरात हे गेले तेव्हापासून खालचं शटर बंद आहे. मुलगा तेव्हा आला तो अजून इथेच आहे. तोही फोटोच काढतो, पण दुसऱ्या शहरात आणि दुसऱ्या प्रकारचे.

१२ जानेवारी

आज वन्सं आल्या होत्या. वन्सं म्हणजे ह्यांची धाकटी बहीण. बसल्या बसल्या भिंतींवरून नजर फिरवली आणि म्हणाल्या, "वहिनी, सगळ्या गावाचे फोटो काढले दादानं, आणि त्याचा स्वतःचा एक धड फोटो नाही?"

एक आहे. लायसन्ससाठी टायमर लावून ह्यांनी स्वतःच काढलेला. टायमरवर ह्यांचा विश्वास नव्हता, ते चेहऱ्यावर दिसतं.

"तोच मोठा करू," वन्सं म्हणाल्या. "आणि शेजारी तुमचा. तो उजवीकडे बघतोय, तुम्ही डावीकडे बघा. शोकेसमध्ये दोघं समोरासमोर. कोपऱ्यावरच्या स्टुडिओत मी बोलून ठेवलंय. नीट बसवून काढतील."

मुलगा स्वयंपाकघरात कप विसळत होता. तिथूनच म्हणाला, "आत्या, आई अजून आहे. तिला फ्रेममध्ये घालायची एवढी घाई कशाला?"

"फ्रेममध्ये घालणं वेगळं आणि फोटो काढणं वेगळं."

"तुमच्या पिढीत ते एकच असायचं."

"ऐका! बापाच्या हाताखाली कॅमेरा धरायला शिकला आणि..." वन्संनी माझ्याकडे बघून वाक्य तिथेच सोडलं. मी बिस्किटांची बशी पुढे केली. अशा वेळी मला एवढंच सुचतं.

१५ जानेवारी

जेवताना मुलाने विषय काढला. स्टुडिओ पुन्हा उघडायला तो तयार आहे, पण त्याच्या पद्धतीने. पडदा नाही, स्टूल नाही, हनुवटी वर घ्या, खाली घ्या नाही. लोकांच्या घरी जायचं, दिवसभर बसायचं आणि ते आपापलं काम करत असताना फोटो काढायचे. ह्याला कँडिड म्हणतात. ह्याच्यावरूनच बापलेकांचं बिनसलं होतं. हे म्हणायचे, "घरी दिसतो तसं दिसायला कोण पैसे देईल? तसे तर लोक फुकटच दिसतात." हा म्हणायचा, "तुम्ही माणसांचे नाही, इस्त्रीचे फोटो काढता." मग एक दिवस तो गेला. अधूनमधून त्याचा फोन यायचा. हे उचलायचे आणि काही न बोलता माझ्या हातात द्यायचे.

"शोकेसमध्ये पहिला फोटो तुझा," तो म्हणाला. "रस्त्यावरून जाणाऱ्याला बघूनच कळलं पाहिजे की इथे आता काय मिळतं. जमला तर मी इथेच राहतो. आणि नाहीच जमला, स्वतःच्या आईचाच जमला नाही, तर मग इथे उगाच दुकान मांडण्यात अर्थ नाही. मी परत जातो. जागा त्या चपलांच्या दुकानवाल्याला देऊन टाकू. तो मागे लागलाच आहे."

"मी काय करायचं मग?"

"काहीच नाही. तेच तर आहे ना आई. मी इथे नाहीच असं समजायचं."

त्याची मला चांगली सवय आहे, असं अगदी ओठांवर आलं होतं. मी पाणी प्यायले.

१७ जानेवारी

दोन्ही बाजूंनी विचार केला.

कोपऱ्यावरच्या स्टुडिओत गेले तर ते मानाने बसवतील. फोटो चांगला येईल. माझी डावी बाजू बरी आहे, मान किंचित लांब घेतली की गळा दिसत नाही, हे मला माहीत आहे. वन्संचं समाधान होईल. ह्यांनाही ते आवडलं असतं. म्हणजे तो माणूस ह्यांना आवडत नसे, डोळ्यांखाली फार उजेड मारतो म्हणून. पण पद्धत आवडली असती.

मुलाच्या प्रकारात मी कशी दिसेन ते सांगता येत नाही. मी माणसांचे चेहरे काचेवर उलटे, काळ्याचे पांढरे झालेले, भिंगाखाली पाहिले आहेत. माणूस कसला विचार करत नसला की तोंडाच्या कडा खाली उतरतात. सगळ्यांच्याच उतरतात, नव्या नवरीच्यासुद्धा. म्हणून तर फोटोच्या आधी सांगावं लागतं.

तरी मी मुलाला हो म्हटलं. त्याचं म्हणणं पटलं म्हणून नव्हे. खाली चपलांचे रॅक लागलेले मला बघवणार नाहीत, हे एक कारण. दुसरं असं की सकाळी तो अंघोळीला गेला की नळाचा आवाज येतो आणि घरात कोणीतरी आहे असं वाटतं. पण हे त्याला सांगण्यासारखं नाही. सांगितलं तर तो राहीलसुद्धा, आणि मग तो मी सांगितलं म्हणून राहिला असं होईल.

वन्संना फोन करून कळवलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे पोरानं तुम्हाला स्वयंपाकघरात चोरून टिपायचं, आणि आम्ही ते भर रस्त्यात उभं राहून बघायचं?"

"तसंच काहीतरी."

"बरं. केस तरी विंचरा त्या दिवशी."

२१ जानेवारी

आज शटर वर करून आम्ही दोघं खाली गेलो. पडद्याच्या गुंडाळ्या, दिव्यांवरच्या छत्र्या, स्टूल, सगळं जागच्या जागी आहे. फक्त हे नसल्यामुळे खोली लहान वाटते. खरं तर मोठी वाटायला हवी.

मुलगा म्हणाला, "मी शाळेला निघायचो तेव्हा तू कायम ह्या स्टुलावर बसलेली असायचीस. काय करायचीस गं?"

"लाईट बघायचे ना तुझे बाबा. दुकान उघडायच्या आधी. मला बसवायचे, कॅमेऱ्यातून बघायचे आणि मग म्हणायचे, हं, झालं."

"रोज?"

"रोज."

"मग ते फोटो कुठे आहेत?"

"फोटो कशाला? फिल्म वाया गेली असती. बटण दाबायचे नाहीत, नुसतं बघायचे. पुढे फिल्म बंद झाली तरी सवय तीच राहिली."

तो दिव्याच्या स्टँडपाशी गेला. हलवून पाहिला. हलला नाही. "आई, हे तर जमिनीला ठोकलेले आहेत. मी ह्याच्यावर धडपडलो होतो तेव्हापासून. ह्या खोलीला खिडकी नाही. लाईट बदलणार कुठून?"

"बल्ब जुने होतात," मी म्हटलं. "तुझे बाबा फार काटेकोर होते."

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याचे डोळे लाल झाले होते. आत धूळ फार साठली आहे. उद्या झाडून घ्यायला हवं.

२७ जानेवारी

उद्या फोटो. काही तयारी करायची नाही असं त्याने बजावलं आहे, म्हणून तो बाहेर गेल्यावर केली.

आधी सगळं घर आवरलं. मग ते फारच आवरलेलं दिसायला लागलं, म्हणून थोडं विस्कटलं. वर्तमानपत्र टेबलावर तिरकं ठेवलं. चष्मा त्याच्यावर ठेवला, मग काढला, मग पुन्हा ठेवला. एक कप न धुता ठेवला. तो सारखा डोळ्यांत येत होता, म्हणून धुऊन पुन्हा तिथेच ठेवला.

आरशासमोर उभं राहून लक्ष नसल्यासारखं बघून पाहिलं. अवघड आहे. लक्ष नाही हे सारखं लक्षात ठेवावं लागतं.

२८ जानेवारी

काय झालं ते लिहिते.

तो सकाळपासून कॅमेरा गळ्यात अडकवून घरात फिरत होता. मी तो नाही असं समजत होते. चहा करताना त्याचा कप काढला आणि तो नाही हे आठवून परत ठेवला. त्याने ते पाहिलं. "आई, चहा दे की गं," म्हणाला. मग काढला.

टेबलाकडे बघून म्हणाला, "हे वर्तमानपत्र कोणी ठेवलं असं? दुकानाच्या जाहिरातीत ठेवतात तसं?"

"कालपासून तसंच आहे."

"आजचं आहे आई ते."

सकाळी तो झोपलेला असताना मीच बदललं होतं.

मग दूध तापत ठेवलं. तो दारात उभा राहून कॅमेरा डोळ्याला लावतो आहे हे मला कळलं. कॅमेरा डोळ्याला लागला की मी श्वास धरते. ठरवून नाही, होतं तसं. क्लिक होईपर्यंत हलायचं नाही हे इतकी वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आले, ते अंगात भिनलं आहे. चमचा पातेल्यावर धरून मी उभी राहिले. क्लिक होईना. दूध वर यायला लागलं ते मला दिसत होतं. त्यालाही दिसत असणार. पण त्याने बटण दाबल्याशिवाय मी हलणार कशी? आणि तो, असं त्याने नंतर सांगितलं, मी हलायची वाट बघत होता.

दूध उतू गेलं. सगळी शेगडी भरली.

"आई, गॅस बंद करायचा होतास!"

"तू बटण दाबायचं होतंस."

दोघांनी मिळून शेगडी पुसली. तेव्हा त्याच्या हातात कॅमेरा नव्हता.

३० जानेवारी

त्याने कॉम्प्युटरवर सगळे फोटो दाखवले.

"हा बघ. हा बघ. हाही बघ." प्रत्येकात मी डावी बाजू देऊन, खिडकीच्या उजेडाकडे तोंड करून, नजर कॅमेऱ्याच्या जराशी बाजूला ठेवून उभी आहे. केर काढतानासुद्धा. मला तर बरे वाटले. एकही हललेला नव्हता.

"तू पोज देते आहेस."

"मी दूध तापवत होते."

"दूध तापवणारी बाई इतकी ताठ उभी नसते."

"मी असते."

हे खरं आहे. पण त्याला ते खरं वाटत नाही, आणि मला ते सिद्ध करून दाखवता येत नाही.

"तुझा चेहरा असा आहे, जसं काही समोर बाबा उभे आहेत," तो म्हणाला.

"असेल," मी म्हटलं.

त्याने कॉम्प्युटर मिटला आणि फिरायला गेला. जेवायला उशिरा आला, पण आला.

३ फेब्रुवारी

घरात जमत नाही म्हणून बाजारात प्रयत्न. मी भाजी घ्यायची आणि तो लांबून, मला न कळता, फोटो काढणार. न कळता कसं? उंच माणूस आहे तो. कांद्याच्या पोत्यांमागे वाकला तरी अर्धा वर राहतो.

भाजीवाली हळूच म्हणाली, "बाई, मागे वळू नका. एक माणूस मघापासून तुमच्या पाळतीवर आहे. हाक मारू का कोणाला?"

"नको. माझा मुलगा आहे."

"मुलगा? मग लपतोय कशाला?"

"कामावर आहे."

तिने मला एक काकडी जास्त घातली. तिला काय वाटलं कोण जाणे.

फोटो पाहिले. पदवीच्या फोटोत मुलं गुंडाळी धरतात तसा मी कोबी धरला आहे.

६ फेब्रुवारी

चपलांचे दुकानवाले टेप घेऊन आले. मुलानेच बोलावलं होतं, मला विचारून. मी नाही म्हटलं नव्हतं. त्यांनी पडद्याच्या भिंतीला टेप लावून पाहिला आणि म्हणाले, "इथे लेडीज छान बसेल." म्हणजे बायकांच्या चपला.

ते गेल्यावर मुलगा माझ्या त्या स्टुलावर बसून राहिला. म्हणाला, "तुझं काही चुकत नाहीये आई. मलाच येत नाही बहुतेक. लोकांच्या घरी परके लोक विसरून जातात मला. तू विसरत नाहीस."

विसरता येत नाही ही काही तक्रार होऊ शकत नाही. बिस्किटं संपली होती.

रविवारपर्यंत बघतो, म्हणाला. मग बॅग भरतो.

७ फेब्रुवारी

एक ठरवलं आहे.

त्याला लक्ष नसतानाचा फोटो हवा आहे. तो मला देता येईल. बसून देता येईल. नववधूचा लाजरेपणा, वकिलाचं गांभीर्य, नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुलाचा आत्मविश्वास, हे सगळं ह्या स्टुडिओत आम्ही बसवूनच तर काढलं. लक्ष नसणं त्याहून काय अवघड असणार? आतापर्यंत माझी चूक ही झाली की मी काहीच न करण्याचा प्रयत्न करत होते.

मागच्या खोलीत, जिथे माझं रीटचिंगचं टेबल होतं, तिथे उत्तरेची खिडकी आहे. तो उजेड दिवसभर शांत असतो. तिथे बसायचं. हातांना काहीतरी बारीक काम द्यायचं म्हणजे मान आपोआप खाली येते. केसांची एक बट सोडायची. ओठ मिटलेले पण दाबलेले नाहीत. हलकं हसू, काहीतरी आठवल्यासारखं. नजर कामावर, पण कामाच्या जरा पलीकडे. आणि श्वास धरायचा नाही, हे मुख्य.

ही फसवणूक आहे का, असा विचार मनात आला. पण रीटचिंगही फसवणूकच होती, आणि लोक आभार मानून जायचे.

९ फेब्रुवारी, रविवार

सगळं सुरळीत झालं. इतकं सुरळीत होईल असं वाटलं नव्हतं.

सकाळी स्वयंपाकघरात पाहते तर मटारच्या शेंगांची पिशवी. काल मुलाने आणलेली. त्याला मटार आवडत नाहीत, लहानपणापासून ताटात बाजूला काढून ठेवतो. विसरला असेल. पण मला सोलायला आयतं काम मिळालं.

शेंगा आणि पातेलं घेऊन मागच्या खोलीत गेले. खिडकीच्या काचांना पुढे डार्करूमसाठी खाकी कागद चिकटवलेला होता, तो कसा काढायचा ह्या काळजीत होते. तर कागद निघालेला. काचाही पुसलेल्या. चपलांच्या दुकानवाल्यांनी उजेड बघायला काढला असावा. माझी जुनी खुर्ची नेमकी खिडकीशी होती, भिंतीपासून जरा वळवून. तीही त्यांनीच सरकवली असेल. समोरच्या कपाटावर कोणीतरी पांढरी चादर टाकली होती, धूळ बसू नये म्हणून. तिच्यावरून उजेड परत येऊन सावलीच्या बाजूला छान पडत होता. मीही ती तिथेच टाकली असती. दैव अनुकूल होतं म्हणायचं.

मी बसले. बट सोडली. सोलायला लागले. थोड्या वेळाने दारामागे तो आला हे कळलं. मी वर पाहिलं नाही. ठरवलं होतं त्याप्रमाणे मान घेतली, हसू घेतलं, नजर शेंगेच्या पलीकडे टाकली. सगळं जुळलं आहे हे मला आतून कळलं. जुळलं की कळतं.

मग मी थांबले. कशासाठी ते आधी मला समजलं नाही. हात थांबले आणि मी वाट बघत राहिले. मग लक्षात आलं की सगळं जुळल्यावर हे "हं, झालं" म्हणायचे. त्यानंतर उठायचं, असं होतं. आता ते कोणी म्हणणार नव्हतं. म्हणजे उठायचं कधी हे मला कळेना.

तेव्हा क्लिक झालं. बहुधा त्याच्या आधीही झालं असेल, मी ऐकलं नाही.

१० फेब्रुवारी

मुलगा फार खूश आहे. काल दिवसभर खालीच होता. आज मोठी प्रिंट घेऊन वर आला, टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "बघ. हाच. मी इथे आहे हे तू साफ विसरली होतीस."

"हो," मी म्हटलं. खोटं बोलल्यासारखं वाटलं. मग आठवून पाहिलं तर शेवटी शेवटी खरंच तो लक्षात नव्हता.

फोटो नीट पाहिला. बट चांगली आली आहे. हातही. पण चेहरा मी लावला होता तसा राहिलेला नाही. हसू अर्ध्यावर सुटलं आहे, ओठ किंचित उघडे आहेत, आणि डोळे कोणीतरी हाक मारेल म्हणून वर यायला निघालेत. मला माझा असा चेहरा माहीत नव्हता. इतका वेळ घालवून मांडलेली गोष्ट शेवटच्या क्षणी हलली, ह्याचं वाईट वाटलं.

"तोंडापाशी थोडा दोष आहे," मी म्हटलं. "पेन्सिल आणते. जरा भरलं की जाईल."

त्याने प्रिंटवर हात आडवा ठेवला. "तिथे हात लावायचा नाही."

"अरे, पण दिसतंय ते."

"दिसू दे."

मग म्हणाला, चपलांच्या दुकानवाल्यांना नाही सांगून टाकलं. परत जायचं आता काही कारण नाही. तिकडची खोली सोडून सामान घेऊन येतो. मी बरं म्हटलं आणि गॅसवर काहीतरी ठेवलंय असं म्हणून आत गेले. काही ठेवलेलं नव्हतं.

१६ फेब्रुवारी

फोटो शोकेसमध्ये लागला. वन्सं बघायला आल्या. रस्त्यावर उभं राहून, पर्स काखेत धरून, बराच वेळ बघत होत्या.

"वहिनी, हा काय फोटो? तोंड मिटलेलं तरी असावं माणसाचं. कोणाची वाट बघताय?"

"मटार सोलत होते."

"ते दिसतंय." मग मुलाकडे वळल्या. "आणि दादाचा कुठाय? त्याचं दुकान, त्याची शोकेस, आणि त्याचाच फोटो नाही?"

"ह्यातच आहेत बाबा, आत्या," मुलगा म्हणाला.

वन्संनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. खिडकीच्या काचेत कोणाचं प्रतिबिंब आहे का तेही पाहिलं. "कुठे? मला नाही दिसत."

मीही वाकून पाहिलं. मलाही दिसले नाहीत. हल्लीची मुलं काहीही बोलतात. वन्सं मात्र नंतर घाईने निघाल्या, चहालाही थांबल्या नाहीत. रस्ता ओलांडताना त्यांनी रुमाल काढलेला मी पाहिला. त्यांना सर्दी लवकर होते.

२४ फेब्रुवारी

पहिलं गिऱ्हाईक. समोरच्या इमारतीतल्या दातांच्या डॉक्टरीणबाई. रोज येता जाता शोकेस बघत होत्या, म्हणाल्या. "मला हसता येत नाही. दिवसभर दुसऱ्यांची तोंडं बघून बघून माझं तोंड कसं दिसतं तेच विसरले आहे. मला असाच हवा. पोज नको, काही नको. लक्ष नसतानाचा."

"घरी येऊ का?" मुलाने विचारलं.

"घरी नको. घरी सासूबाई पोज देतील."

म्हणून मागच्या खोलीत काढायचं ठरलं. मी बाईंना पुढच्या खोलीत पाणी दिलं आणि मागे डोकावले. मुलगा घाईघाईने खुर्ची वळवत होता. मग दोन पावलं मागे गेला, डोळे बारीक करून पाहिलं आणि खुर्ची आणखी थोडी भिंतीकडे घेतली. कपाटावरची पांढरी चादर जराशी खाली ओढली.

"हे काय?" मी विचारलं. "तुझ्या प्रकारात काही मांडायचं नसतं ना?"

"मांडत नाहीये. त्यांना बसायला बरं पडावं म्हणून."

बाई येऊन बसल्या. दाढ काढायला बसल्यासारख्या, दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर. मुलगा माझ्याजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "आई, त्यांना काही सांगू नकोस. हातात नुसतं काहीतरी काम दे. हात कामाला लागले की मान आपोआप खाली येते."

"तुला कसं माहीत?"

तो लेन्स पुसायला लागला. लेन्स स्वच्छ होती.

"कळतं हळूहळू," तो म्हणाला. माझ्याकडे बघत नव्हता.

मला त्याला एक गोष्ट विचारायची होती. अगदी साधी, खिडकीचा कागद कोणी काढला एवढीच. पण मी विचारलं असतं, तर त्यानेही मला काहीतरी विचारलं असतं.

मी शेंगा आणायला वर गेले.